तिसऱ्या रविवारचा रंग

इसाकभाई येवल्याहून साडी घेऊन आला तेव्हा भागीबाईच्या घरी सुलाबाई बसलेली होती. नसती तर बरं झालं असतं, असं भागीबाईला नंतर वाटलं खरं. पण सुलाबाई नसती तर ती साडी मुकाट कपाटात गेली असती आणि तिथंच राहिली असती, हेही तिला ठाऊक होतं. कुणी नको म्हणाल्याशिवाय भागीबाईचं पाऊल पुढं पडत नसे. तिचा नवरा भिमाजी म्हणायचा, "हिला चर्चात मिस्साला वेळेवर न्यायचं असेल, तर उठल्या उठल्या सांगावं, आज तू घरीच थांब."

भिमाजी ऑगस्टमध्ये गेला. आता नोव्हेंबर सरत आला होता. इंदिरानगरातल्या दोन खोल्यांत भागीबाई एकटी होती, आणि सुलाबाई, तिची थोरली जाऊ, दुपारचं जेवण आटोपलं की सोबत म्हणून येऊन बसत होती. सोबत म्हणजे काय, तर घरात काय बदललं आणि काय नाही त्यावर नजर. सुलाबाईचा नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. तेव्हापासून पांढऱ्या-राखाडीशिवाय दुसरा रंग तिने अंगाला लावला नव्हता. चर्चच्या महिला मंडळाची ती अध्यक्ष होती आणि कोणत्या घरी काय चालतं, काय चालत नाही, हे तिला तोंडपाठ होतं.

इसाकभाईने दारात चपला काढल्या. भिमाजी आणि तो येवल्याच्या शाळेत एका बाकावर बसलेले. भिमाजी पुढे नाशिकरोडला प्रेसमध्ये नोकरीला लागला, इसाक बापाच्या मागावर बसला, पण दोघांची सलगी सुटली नाही.

"वहिनी, उशीर नाय ना केला?" त्याने मांडीवर पिशवी घेतली. "भिमाजी म्हणला होता, डिसेंबराच्या आत. मधी माझा पोरगा उमर आजारी पडला, माग बंद. मग मी फोन लावला तर तुम्ही उचलला, आणि कळलं." तो थांबला. "मी म्हणलो, आता विणू का नको? बायको माजिदा म्हणली, अर्धी झालीय. अर्ध्या साडीचं काय करणार, पुरी करा."

भागीबाईला कसलीच कल्पना नव्हती. इसाकभाईने जुन्या धोतराच्या फडक्यातली घडी उलगडली. पैठणी होती, पण लग्नाच्या मांडवात मिरवायची नव्हे. फिका गुलाबी रंग, कांदा सोलल्यावर आतल्या पाकळीला असतो तसला. काठ जांभळे. पदरावर मोर नाही, पोपट नाही, एक साधी वेल.

"मी म्हणलो, अरे मोर तरी घे. म्हणला, मोर नको, ती चर्चात नेसणार आहे. अंग गुलाबी, काठ जांभळे, आणि तिसऱ्या रविवाराच्या आत पायजे. आता तिसरा रविवार म्हंजे काय, ते मला नाय समजलं. मी म्हणलो, असंल त्यांचं काही."

भागीबाईने घडीवर हात ठेवला. तिला समजलं होतं.

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. वाट बघायचा काळ. फादरांचा झगा जांभळा, वेदीवरचं कापड जांभळं, फुलं नाहीत. सुरूच्या हिरव्या फांद्यांचं एक चक्र करून त्यात चार मेणबत्त्या लावतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. दर रविवारी एक जास्त पेटवायची. गुलाबी असते तिसऱ्या रविवारची. वाट बघता बघता माणूस थकतो, म्हणून मध्येच एक दिवस आनंदाचा. भिमाजी आणि ती आगमनकाळभर साखर सोडत. चहासुद्धा बिनसाखरेचा. फक्त तिसऱ्या रविवारी, मिस्सा झाल्यावर, एक रव्याचा लाडू मोडून दोघांत अर्धा अर्धा. भिमाजी निवृत्तीनंतर चर्चमधली वेदी सांभाळायचा आणि वर्षभर उरलेले मेणबत्त्यांचे तुकडे डब्यात साठवून चारही मेणबत्त्या घरीच ओतायचा. जांभळ्या त्याला जमत. गुलाबी दर वर्षी डाळिंबी व्हायची, मग ती भागीबाई करी. आणि जिने केली तिनेच ती चर्चात पेटवायची, असा रिवाज आपोआप पडून गेला होता.

इसाकभाई चहा पिऊन गेला. तो जिना उतरेपर्यंत सुलाबाईने धीर धरला.

"छान आहे. कपाटात ठेवून दे. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी का?"

"का म्हणजे? दुःखातलं घर आहे तुझं. यंदा दारावर तारा नाही, करंजी नाही, नवं कापड नाही. मागच्या बाकावर बसायचं. आपल्यात असंच आहे."

"आपल्यात म्हणजे कुठल्यात अक्का? बायबलात दाखव."

"बायबलात सगळं असतं काय? बायबलात चहा पण नाही, पितेसच ना." सुलाबाईने कप खाली ठेवला. "आणि वर्ष झाल्यावर तरी गुलाबी काय नेसायचं या वयात. लोक म्हणतील, बघा, पेन्शन मिळाली आणि बाई रंगात आली."

भागीबाईच्या मनात तोवर काहीच ठरलं नव्हतं. आता ठरलं.

"मी ही साडी यंदाच नेसणार," ती म्हणाली. "आणि गुलाबी मेणबत्तीही मीच पेटवणार."

*

वाटलं तितकं ते सोपं नव्हतं. भिमाजी गेल्यावर चर्चमधला कारभार समितीने हाती घेतला होता आणि समिती म्हणजे सुनील. सुनील वाईट माणूस नव्हता. चर्चच्या छताचे पत्रे त्याने स्वतः उन्हात उभं राहून बसवून घेतले होते. पण त्याला सगळं देखणं लागे. घरी ओतलेल्या वाकड्या मेणबत्त्या बंद करून त्याने भद्रकालीतल्या दुकानातून चार सरळ, गुळगुळीत मेणबत्त्या आणल्या होत्या, आणि दर रविवारी एका जोडप्याने येऊन एक पेटवायची असं ठरवलं होतं. जोडप्याने. तसा निरोप सुलाबाईनेच आणला आणि आणताना तिचा चेहरा शांत होता.

भागीबाई फादर जर्वास यांना गाठायला गेली. फादर वसईकडचे, वयाने तरुण, स्वभावाने इतके मऊ की समितीच्या बैठकीत दोन्ही बाजूंना ते आपल्याच बाजूचे वाटत. ते चर्चच्या मागच्या पायऱ्यांवर बसून मोबाईलवर प्रवचन लिहीत होते.

"मावशी, माझी काहीच हरकत नाही," ते म्हणाले. "पण समितीने जोडपी ठरवलीत."

"आम्ही जोडपंच आहोत फादर. त्यातला एक पुढं गेलाय, एवढंच. तुम्हीच दफनाच्या वेळी म्हणालात, तो संपला नाही म्हणून. का ते तेवढ्यापुरतं होतं?"

फादरांनी मोबाईल पालथा ठेवला.

"सुलामावशी म्हणतात, दुःखातल्या घराने..."

"तुम्ही काय म्हणता?"

फादरांनी मोबाईल उचलून खिशात घातला. मग म्हणाले, "बरं. तिसरा रविवार तुमचा. मी सुनीलला सांगतो."

भागीबाई घरी आली. तिने साडी ऊन लागणार नाही अशी दोरीवर टाकली, चहात साखर घातली नाही आणि भिमाजीच्या फोटोसमोर बसली. गेले काही महिने ती अशीच बसे. जपमाळ हातात घेई, पण ओठ हलवत नसे. देवाशी तिने बोलणं टाकलं होतं. आधी त्याने बोलावं, असं तिचं म्हणणं होतं. त्याने नवरा नेला होता. पहिला शब्द त्याचा.

दर आगमनकाळात भिमाजी तिला संध्याकाळी काहीतरी वाचून दाखवायचा. तिसऱ्या रविवारच्या आधी बायबलातलं पौलाचं पत्र यायचं, त्यातला आनंद करायचा भाग. भिमाजी चष्मा कपाळावर चढवून म्हणायचा, "हा माणूस तुरुंगात बसून लिहितोय, भागे. मऊ गादीवर बसून आनंद करा म्हणाला असता, तर मी पुस्तक मिटलं असतं."

*

पहिला रविवार सरळ गेला. दुसऱ्या रविवारी सुनीलच्या मुलाची, सुयशची, पाळी होती. त्याचं लग्न आगमनकाळ लागण्याच्या जरा आधीच झालं होतं आणि नवी सून मोहिनी पहिल्यांदाच सगळ्यांसमोर येत होती. गुलाबी साडी, हातभर चुडा, ओठांना तोच रंग. सुनीलने फोटोग्राफर बोलावला होता.

पहिली जांभळी जळत होती. सुयशने दुसऱ्या जांभळीकडे हात नेला, तेवढ्यात फोटोग्राफर पुढच्या बाकाजवळून हळूच म्हणाला, "दादा, ती पिंकवाली घ्या ना. वहिनींच्या साडीला मॅच होतंय."

सुयशने काडी मोहिनीच्या हातात दिली. मोहिनी सासरी नवी, तिच्या माहेरच्या मिशनमध्ये असलं चक्र कधी नव्हतं. तिने गुलाबी मेणबत्ती पेटवली. कॅमेरा दोनदा लखलखला. मागच्या बाकांवर कुजबुज झाली, फादरांनी मिस्साच्या पुस्तकातून मान वर केली, ज्योत पाहिली आणि ते पुन्हा पुस्तकात बघू लागले.

भागीबाई मागच्या बाकावर होती. मिस्साभर ती त्या ज्योतीखालचं गुलाबी मेण वितळताना बघत राहिली.

बाहेर आवारात सुनील स्वतःहूनच तिच्याकडे आला.

"झालं ते झालं मावशी. पोरांना कळत नाही."

"मग विझवून ठेव. पुढच्या रविवारी मी लावते."

"असं कसं? एकदा लागलेली मेणबत्ती पुढं दर रविवारी लागणारच. आता तिसऱ्या रविवारी जांभळी. आणि जांभळी म्हणजे जोडप्याची, धनराजला सांगून ठेवलंय. तुमची होती गुलाबी. ती आता..." त्याने हात हवेत फिरवला. "तसं बघितलं तर देवानेच प्रश्न सोडवला. कुणाचं मन दुखायला नको, काही नको."

"देवाने सोडवला का फोटोवाल्याने?"

सुनील हसला. सुलाबाई बाजूलाच उभी होती. ती म्हणाली, "भागी, ऐक. जे टळतं ते बऱ्यासाठी."

भागीबाईने फादरांकडे पाहिलं. फादर बाप्तिस्म्याच्या एका बाळाचं कौतुक करण्यात फारच गुंतले होते.

*

त्याच आठवड्यात नाताळच्या तयारीचं पापनिवेदन होतं. भागीबाई रांगेत उभी राहिली, तिची पाळी आली, ती लाकडी जाळीसमोर गुडघे टेकून बसली. आतून फादर जर्वास यांनी क्रुसाची खूण केल्याचा आवाज आला.

"देवाशी बोलणं टाकलंय," ती म्हणाली. "ऑगस्टपासून. जाऊवर राग आहे. समितीवर राग आहे. आणखी एका माणसावर आहे, त्याचं नाव घेत नाही, तो जाळीच्या पलीकडे आहे."

आत खोकल्यासारखं काहीतरी झालं.

"पश्चात्ताप होतो का?"

"पहिल्याचा होतो थोडा. बाकीच्यांचा नाही. खोटं बोलून इथंच आणखी एक पाप कशाला वाढवू?"

"मावशी, पश्चात्तापाशिवाय मी क्षमा कशी देऊ?"

"तो तुमचा प्रश्न. मी खरं सांगायला आले."

मागे रांगेतलं कुणीतरी पाय बदलत होतं.

"राग जावा, असं वाटतं का?"

भागीबाईने विचार केला. प्रामाणिकपणे केला. "वाटावं, असं वाटतं."

"चालेल," फादर म्हणाले. त्यांचा आवाज आता वेगळा लागत होता. "तेवढ्यावर भागवू. देव याहून कमीवरही भागवतो. प्रायश्चित्त म्हणून एकच करा. येत्या रविवारी आनंद करा."

"माळ म्हणू? उपास करू?"

"नाही. आनंद करायचा."

"मेणबत्तीशिवाय?"

"त्याबद्दल मी इथं काही सांगू शकत नाही."

"शकत नाही का सांगत नाही?"

जाळीपलीकडून क्षमेची प्रार्थना सुरू झाली. भागीबाईने मान खाली घातली. प्रार्थना संपली तेव्हा तिच्या लक्षात एक गोष्ट आली आणि ती उठता उठता थबकली. प्रायश्चित्त म्हणजे प्रायश्चित्त. ते दिलंय तर ते पुरं करावंच लागतं, त्यात समिती नाही, सुलाबाई नाही. आणि पापनिवेदनात जे बोललं गेलं त्याबद्दल फादरांना मरेपर्यंत ब्र काढता येत नाही. तिला मात्र काढता येतो.

बाहेर येऊन बाकावर बसली तेव्हा तिचे ओठ आपोआप हलले. "हे तू बोललास काय?" तिने विचारलं. मग स्वतःशीच म्हणाली, विचारलं तर खरं. म्हणजे पहिला शब्द आपलाच गेला.

*

भिमाजीचा मेणाचा डबा माळ्यावर होता. पत्र्याचा साचाही होता. भागीबाईने उरलेले पांढरे तुकडे मोडून एका टिनच्या डब्यात घातले, डबा उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवला. वात लोकरीच्या सुईने ताणून साच्यात बसवली. राहिला रंग. दर वर्षी ती मुलांचे मेणाचे रंगीत खडू घाले, गुलाबी अर्धा आणि पांढरा एक. पण खडूंच्या डब्यात आता हिरवे आणि काळे तेवढे उरले होते. तिला इसाकभाईचा रंग आठवला. त्याने साडीबरोबर रेशमाच्या रंगाची एक पुडी ठेवून दिली होती, पुढेमागे गुलाबी फिका पडला तर म्हणून. ती तिने मेणात टाकली. रंग विरघळेना. तळाशी गाळ बसला, वर मेण पांढरंच.

"पाण्याचा रंग मेणात कसा जाईल, वेडे," ती स्वतःलाच म्हणाली, आणि दारावर टकटक झाली.

मोहिनी होती. चुडा तोच, पण ओठ कोरडे, आणि दारातून आत यायचं की नाही ते कळत नसल्यासारखी उभी.

"काकू, मला माहीत नव्हतं. खरंच. माझ्या माहेरी सुरगाण्याकडे चर्च म्हणजे एक शेड आहे, तिथं एकच मेणबत्ती असते. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, अगं ती भागीबाईंची होती." ती थांबली. "मला रडू आलं. तर सासरे म्हणाले, फोटो छान आलाय, रडतेस काय."

"फोटो आलाय का छान?"

मोहिनीने खाली बघून मान हलवली. "आलाय."

भागीबाई हसली. ऑगस्टनंतर तिला असं हसू आलं नव्हतं. "ये आत. हात लाव. हे मेण बघ, रंग घेत नाही."

मोहिनीने डब्यात वाकून पाहिलं. मग पर्स उघडली आणि लिपस्टिक काढली. लग्नातली, बाहेरून सोनेरी. "ही मेणाचीच असते काकू. जाईल बघा."

"अगं, लग्नातली ना ही?"

"मग? मी तुमची मेणबत्ती वापरली, तुम्ही माझी लिपस्टिक वापरा."

तिने सुरीने लिपस्टिक कापली. भागीबाईने मेण दुसऱ्या डब्यात गाळून घेतलं आणि तो गुलाबी तुकडा आत सोडला. तो हळूहळू मऊ पडला, कडेने पसरला, चमच्याने ढवळताच सगळं मेण एका रंगाचं झालं. डाळिंबी नव्हे. मोहिनी साच्याकडे बघत म्हणाली, "साडीसारखा आलाय." दोरीवर साडी होती. आला होता.

ओतताना भागीबाईच्या लक्षात आलं की ही पोर सुनीलची सून आहे. "रविवारी तुला घरी बोलतील."

"बोलू द्या," मोहिनी म्हणाली. आणि मग जरा घाबरून, "म्हणजे, तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?"

"वासावरून ओळखलं तर माझा नाइलाज आहे."

*

तिसऱ्या रविवारी सकाळी भागीबाई इसाकभाईची साडी नेसली. आरशात बघताना तिला अवघडल्यासारखं झालं. पदर तीनदा काढून पुन्हा लावला. एकदा तर वाटलं, आधीचीच नेसावी, कशाला हे. तेवढ्यात तिला सुलाबाईचं 'या वयात' आठवलं आणि तिने पिन खोचली. कापडी पिशवीत एक रव्याचा लाडू घातला. तो कुणाबरोबर मोडायचा हे तिने ठरवलं नव्हतं. मेणबत्ती हातात घेतली आणि निघाली.

चक्रातली ती एक मेणबत्ती सोडली, तर चर्चमध्ये सगळं जांभळं होतं. फादरांकडे गुलाबी झगा नव्हता, कधीच नव्हता. लहान चर्चला वर्षाकाठी दोनच दिवस लागणारा झगा परवडत नाही. त्यामुळे भागीबाई दारातून आत आली तेव्हा त्या अख्ख्या इमारतीत आनंदाच्या रविवारचा रंग फक्त तिच्या अंगावर होता. बाकाबाकावरच्या माना वळल्या. सुलाबाई मागच्या बाकावर सरकून तिला जागा करत होती. भागीबाई तिथं थांबली, गुडघा टेकवला आणि पुढं चालू लागली.

"भागी," मागून दबका आवाज आला. "भागी, बस."

वेदीजवळ धनराज आणि त्याची बायको उभे होते. धनराजच्या हातात काडीपेटी होती. तो द्राक्षाच्या बागांना औषध फवारायला जाणारा साधा माणूस. भागीबाईला येताना बघून त्याने बायकोकडे बघितलं, बायकोने छताकडे. मग धनराज एक पाऊल बाजूला झाला. एवढंच त्याने केलं, पण ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

सुनील पहिल्या बाकावरून उठला होता. "मावशी, मागं चला. आपलं ठरलंय ना. आता इथं कुणाच्या परवानगीने...?"

भागीबाईचा आवाज मुळात लहान, मंडळात तो कधी शेवटपर्यंत ऐकू जात नसे. आज गेला.

"प्रायश्चित्त आहे," ती म्हणाली. "पापनिवेदनात मिळालंय. पुरं करते आहे. खरं-खोटं फादरांना विचार."

सुनीलने फादरांकडे पाहिलं. सगळ्या चर्चने पाहिलं. फादर जर्वास वेदीमागे हात जोडून उभे होते. त्यांना हो म्हणता येत नव्हतं आणि नाहीही म्हणता येत नव्हतं. त्यांचे कान हळूहळू लाल होत गेले. मग त्यांनी मिस्साचं पुस्तक मिटलं आणि वाट बघत उभे राहिले, जणू आगमनकाळात याशिवाय दुसरं कामच नसतं. सुनील बाकावर बसला. तिसऱ्या रांगेत मोहिनीने साडीच्या पदराने तोंड झाकलं होतं. ती रडत होती की हसत, हे सुयशलाही कळलं नसावं.

धनराजने तिसरी मेणबत्ती, जांभळी, पेटवली. भागीबाईने आपली गुलाबी पुढं केली आणि तिच्यावर पेटवून घेतली. वात चुरचुरली आणि ज्योत उभी राहिली. अत्तरासारखा किंचित वास सुटला. चक्रात जागा चारच होत्या, चारही भरलेल्या, म्हणून ती मेणबत्ती हातातच धरून वेदीच्या पायरीशी, सगळ्यांच्या समोर, उभी राहिली. मागं जायचं तिच्या मनातही नव्हतं.

वाचन सुरू झालं. मेण तापलं, कडेने ओघळलं, तिच्या बोटांवर आलं. भाजलं. तिने हात हलवला नाही. दुसरा थेंब फरशीवर पडला. तिसरा साडीवर पडणार होता.

मधल्या वाटेवरून कुणीतरी येत होतं, पाय ओढत, पुटपुटत. भागीबाईने मान वळवली नाही. राखाडी पदर तिच्या कोपराला लागला. सुलाबाई होती. तिच्या हातात रिकाम्या फुलदाणीखालची स्टीलची ताटली होती.

"फरशीवर सांडतंय," ती दात-ओठ खात कुजबुजली. "कोण घासणार उद्या? महिला मंडळच ना? आणि त्या बिचाऱ्याने विणलेल्या साडीची काय दशा करशील?"

"मग तू बस ना मागं. मी बघते."

"तू काय बघणार. तुला कधी काय दिसलंय." सुलाबाईने ताटली मेणबत्तीखाली धरली. तिसरा थेंब ताटलीत पडला, गुलाबी, आणि गोठला. ती वाकून त्याच्याकडे बघत राहिली, जरुरीपेक्षा जास्त वेळ. मग सरळ झाली आणि तिच्या लक्षात आलं की आपण वेदीच्या पायरीशी, चर्चच्या अगदी पुढं, सगळ्यांसमोर उभ्या आहोत. इथं ती नवरा गेल्यापासून आली नव्हती. ती मागं वळेल, असं भागीबाईला वाटलं.

सुलाबाई वळली नाही.

पौलाचं पत्र आलं. भागीबाईने ज्योतीकडे बघत ते ऐकलं. चौथा थेंब ताटलीच्या कडेला लागून निसटला.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "ताटली सरळ धर."